खानदेशातल्या एका गावावर अर्ध्या तासाचा रेडिओ कार्यक्रम कसा करावा

खानदेशातलं लोकगीत मागितल्या दिवशी मिळत नाही, ते तिथीवर चालतं. आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, गाणं वैशाखातल्या तृतीयेच्या आसपास. कानबाई या देवीचं श्रावणात, नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी रात्री. गुलाबाईचं (म्हणजे भुलाबाईचं) भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, आदिवासींच्या डोंगऱ्या देवाचं मार्गशीर्षात, आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीचे ढोल फाल्गुन पौर्णिमेच्या रात्री. कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बायांना फेब्रुवारीत स्टुडिओत बोलावलं तर दोन कडवी येतात, तिसऱ्याला अडखळायला होतं. स्मरणशक्तीचा यात काही दोष नाही. समोर कानबाई मांडलेली नसते, रोट नसतात, जागरण नसतं आणि उलट उत्तर देणारा बायांचा दुसरा गट नसतो. म्हणून पहिलं काम म्हणजे पंचांग घेऊन वर्षाचा तक्ता करणं. रेकॉर्डर त्यानंतर.

तक्ता करताना एक अडचण लगेच दिसते. सणाच्या आधी लावायचा कार्यक्रम सणातच ध्वनिमुद्रित होतो, म्हणजे त्याचा माल गेल्या वर्षीचा लागतो. पहिल्या वर्षी कार्यक्रम सणानंतरच्या आठवड्यात लावा. मुद्रण मात्र दुप्पट करा आणि निम्मं पुढच्या वर्षी सणाआधीच्या भागासाठी बाजूला ठेवा.

आधी रिकाम्या हाताने जा

मुद्रणाच्या पंधरा दिवस आधी गावात एकदा जाऊन या, रेकॉर्डर न घेता. या फेरीत चार गोष्टी ठरतात: गाणं कुठल्या घरात किंवा चौकात होतं, पुढाकार कोणाचा असतो, आवाजाचे शत्रू कोणते, आणि परवानगी कोणाकडून घ्यायची.

आवाजाचे शत्रू म्हणजे पंखा, कूलर, पिठाची गिरणी, बोअरची मोटर, रस्त्यावरचे ट्रॅक्टर आणि डीजे. शेतीची थ्री-फेज वीज त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे विचारून घ्या. मळ्यात मुद्रण असेल तर त्यावर सगळं अवलंबून असतं, कारण वीज आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. जवळ विजेची डीपी (रोहित्र) असेल तर तिची घरघर मुद्रणात येते. डोळ्यांना ती लांब, पन्नास पावलांवर वाटते, पण रात्री शांततेत माइकला स्पष्ट ऐकू जाते.

परवानगी फक्त सरपंचाची घेऊन भागत नाही. साक्री किंवा नवापूर भागात डोंगऱ्या देवाचं मुद्रण करायचं तर भगताला, म्हणजे देवाचे विधी करणाऱ्याला, विचारावं लागतं. काही भाग मुद्रित करू नका, किंवा केला तरी मार्गशीर्षाबाहेर लावू नका, असं तो सांगेल. ते लिहून घ्या आणि पाळा. हे मोडलं तर पुढच्या वर्षी त्या गावाचीच नाही, शेजारच्या पाड्यांचीही दारं बंद होतात.

मानधनाचंही याच फेरीत बोला. रक्कम एकाच्या हातात द्यायची की गटात वाटायची, हे गटालाच ठरवू द्या. गाणं झाल्यावर पैशांचा विषय काढला की दोन्हीकडे अवघडलेपण येतं.

सोबत काय न्यायचं

हातात धरायचा एक साधा रेकॉर्डर, एक डायनॅमिक माइक, बंद कपांचा हेडफोन, छोटा स्टँड, वाऱ्यासाठी फोम आणि त्यावर चढवायची केसाळ टोपी, दोन मेमरी कार्डं, सेलचे दोन संच. डायनॅमिक माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागत नाही. कंडेन्सर माइकला लागतो, आणि तो सुरू असला की सेल लवकर उतरतात. रिचार्जेबल सेल वापरत असाल तर रेकॉर्डरच्या मेन्यूत सेलचा प्रकार बदला. नाही तर सेल किती उरलेत हे रेकॉर्डर चुकीचं दाखवतो.

वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. मोनोत मिनिटाला साधारण साडेआठ एमबी, म्हणजे तासाला अर्धा जीबी जातो. ३२ जीबीच्या कार्डात साठ तास बसतात, त्यामुळे जागा वाचवायला एमपी३त मुद्रण करण्याचं कारण नाही. एमपी३वर संपादन करून पुन्हा एमपी३ काढली की टाळ आणि घुंगरांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

फोनवर मुद्रण करावं लागलंच तर आवाजाची पातळी हाताने ठरवता येईल असं अॅप घ्या. फोनचं स्वतःचं रेकॉर्डर ढोल वाजला की सगळा आवाज दाबतं आणि ढोल थांबला की वर उचलतं. मग गायिकेचा आवाज हेलकावे खातो आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. फोन विमान मोडवर टाका.

आखाजीच्या दिवसांत जळगावात पारा चव्वेचाळीसच्या पुढेही जातो. उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडतो, रेकॉर्डरचा पडदा काळा होतो. सगळं सामान सुती कापडात, सावलीत ठेवा आणि मुद्रण सकाळी नऊच्या आत किंवा दिवेलागणीला उरका.

गाणं घेताना

पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. शून्याला लागला की तो तुकडा गेलाच. तालमीत लोक हळू गातात आणि खऱ्या वेळी चेव येतो, म्हणून तालमीत पातळी उणे १८च्या आसपास दिसली तरी वाढवू नका.

कानबाईच्या रात्री बायांचे दोन गट समोरासमोर बसतात, एक म्हणतो आणि दुसरा उचलतो. माइक कोणाच्याही हातात देऊ नका. ज्या माउलीच्या हातात माइक जाईल ती गायिका होते आणि बाकीच्या गप्प बसतात. घडी केलेल्या गोधडीवर छोटा स्टँड ठेवून माइक दोन्ही गटांच्या मधोमध, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर लावा. प्रत्येक गटापासून अंतर साधारण दीड मीटर. याहून जवळ गेलात तर टाळ्यांबरोबर बांगड्यांचा खणखणाट गाण्यावर चढतो. बांगड्या काढायला सांगायचा विचारही मनात आणू नका. माइक वर आणि मागे घ्या, तेवढ्याने काम होतं. पंखा बंद करायची विनंती दहा-दहा मिनिटांपुरतीच करा. श्रावणातल्या दमट रात्री भरलेल्या घरात याहून जास्त मागणं बरोबर नाही. सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत हल्ली डीजे असतो, तेव्हा गाण्यासाठी रविवारची रात्रच धरा. मिरवणुकीतून नदीकाठचा आवाज आणि माणसांची बोलणी तेवढी घ्या.

आखाजीला झोक्यावरची गाणी घेताना माइक झोक्याकडे नको, उभ्या असलेल्या मुलींकडे हवा. झोक्यावरचा आवाज जवळ येतो, दूर जातो. पार्श्वभूमीला ते छान वाटतं, पण शब्द हरवतात. दोराची करकर वेगळी, एक मिनिटभर, जवळून मुद्रित करा. संपादनात ती सोन्यासारखी उपयोगी पडते.

वही गायनात, म्हणजे डफावरच्या खानदेशी लोकगायनात, डफ हा मोठा प्रश्न. डफाच्या तोंडासमोर माइक धरला तर गाणाऱ्याचे शब्द बुडतात. मुख्य गायकाच्या छातीच्या उंचीवर, डफाच्या कडेच्या बाजूने माइक ठेवा. पावसाळी हवेत डफाचं कातडं सैल पडतं आणि वादक तो शेकतात. शेकल्यावर लगेचची काही मिनिटं सूर सर्वांत चांगला असतो, मुद्रण तेव्हाच सुरू करा. शेकण्याचा वेळ वाया गेला असं समजू नका. लोक तेव्हा सहज बोलतात, रेकॉर्डर चालू असू द्या आणि तो चालू आहे हे सर्वांना माहीत असू द्या.

पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याचा आवाज त्याच्या खालच्या शिंगाच्या तोंडातून निघतो आणि वाजवणारा नाचत असतो. वादकाच्या तोंडाजवळ धरलेल्या माइकला फक्त श्वास ऐकू येतो. माइक कमरेच्या उंचीवर, दोन मीटर अंतरावर ठेवा आणि वादकाला एका जागी उभं राहायला सांगू नका, कारण नाच थांबला की वादनही सुटतं. नाचणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर एका जागी उभं राहून आवाज येऊ द्या, जाऊ द्या.

थाळगानाची गोष्ट याच्या अगदी उलट. काशाच्या थाळीत मेणाने उभी केलेली काडी बोटांनी ओढली की जो अखंड सूर निघतो, तो फार बारीक असतो. माइक एक वीतभर अंतरावर, थाळीकडे झुकलेला, आणि कथा सांगणाऱ्याचा आवाज वरून पडेल असा ठेवा. रेकॉर्डरमधला लो-कट (खालचे जाड आवाज कापणारी सोय) इथे बंद करा. बोलण्यासाठी ८० हर्ट्झचा लो-कट उपयोगी आहे, पण थाळीच्या सुराचं आणि मोठ्या ढोलाचं अंगच तो कापून टाकतो.

काठीच्या होळीत ढोल एक नसतो, अनेक असतात, आणि सजून नाचणाऱ्या बुध्या-बावांच्या कमरेचे घुंगरू, मोठे भोपळे, आरोळ्या सगळं एकत्र येतं. ढोलापासून निदान पाच मीटर मागे राहा. जवळ गेल्यावर माइकच फाटका आवाज देऊ लागला तर रेकॉर्डरची पातळी कमी करून उपयोग होत नाही, मागे सरकणं हाच उपाय. उजेड असतानाच पोचा, चढावर एक जागा धरा आणि तिथून हलू नका. होळी पहाटेच्या सुमारास पेटते. रात्रभरात कार्ड आणि सेल संपवून बसलेले लोक नेमके तेव्हा रिकामे असतात, म्हणून एक ताजा संच पहाटेसाठी राखून ठेवा. रात्र थंड असते, सेल अंगाजवळच्या खिशात ठेवले तर टिकतात.

खानदेशी तमाशा किंवा सोंगाड्या पार्टीचा फड लाउडस्पीकरवर चालतो. तिथे साउंडवाल्या दादांना आधीच भेटून मिक्सरमधून वायर घ्या. मिक्सरचा आवाज लाइन पातळीचा असतो. तो माइकच्या भोकात घातला की सगळा फाटतो, म्हणून रेकॉर्डरवर लाइन निवडा किंवा मध्ये पॅड (आवाजाची पातळी कमी करणारं जोड) लावा. प्रेक्षकांचं हसणं आणि शिट्ट्या मिक्सरमध्ये येत नाहीत, त्यासाठी दुसरा रेकॉर्डर लोकांत ठेवा आणि दोन्ही जुळवायला सुरुवातीला एक टाळी वाजवा.

कुठलंही मुद्रण संपलं की त्या जागेची नुसती शांतता एक मिनिट घ्या. संपादनात दोन वाक्यांच्या मधली फट तिनेच भरता येते.

बोलणं आणि बोली

धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव इकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, जामनेरकडे तावडी, धडगावात पावरी (ही बोली, वर आलेलं वाद्य वेगळं), नवापूरकडे मावची, बंजारा तांड्यावर गोरमाटी. निवेदकाची बोली चुकली तर ऐकणाऱ्याला पहिल्याच वाक्यात कळतं. अहिराणी येत नसेल तर ओढूनताणून बोलू नका, प्रश्न विचारायला गावातलीच एखादी ताई किंवा पोरगा सोबत घ्या. “नयले पानी कितला दिनमा येस?” असं विचारलं की उत्तरही तसंच मोकळं येतं. तोच प्रश्न छापील मराठीत विचारला की समोरची आजी शाळेत उभी केल्यासारखी बोलायला लागते. मुद्रित झालेली बोली संपादनात किंवा निवेदनात सुधारू नका. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, तो तसाच राहू द्या.

पावरी किंवा मावचीतलं बोलणं मराठी श्रोत्यांसाठी द्यायचं असेल तर मूळ आवाज पाच-सहा सेकंद पूर्ण ऐकवा. मग तो साधारण १५ डेसिबलने खाली घेऊन वर मराठी द्या, आणि शेवटचं वाक्य पुन्हा मूळ आवाजात वर येऊ द्या. पूर्ण पुसून नुसता अनुवाद ऐकवणं म्हणजे त्या माणसाला कार्यक्रमातून बाहेर काढणं आहे.

बोलणाऱ्याच्या तोंडापासून माइक एक वीत दूर आणि जरा बाजूला असावा, समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. हो-नाहीत संपणारे प्रश्न टाळा. “हे गाणं कोणाकडून शिकलात?” या प्रश्नाने माहेर, आत्या, लग्न, स्थलांतर सगळं बाहेर येतं.

गावाचा प्रश्न

गाण्याचा कार्यक्रम वेगळा आणि समस्यांचा वेगळा, अशी वाटणी करू नये असं आमचं ठाम मत आहे. कानबाईला सुरतेहून माणसं गावी येतात, आणि ती सुरतेला का गेली याचं उत्तर त्याच ओट्यावर मिळतं. गाणं ऐकायला थांबलेला माणूस प्रश्नही ऐकतो.

प्रश्न मात्र अरुंद घ्या. ‘केळीचं संकट’ हा अर्ध्या तासाचा विषय नाही. ‘सीएमव्ही हा विषाणूरोग आलेली झाडं केव्हा उपटायची, बांधावर काय लावायचं नाही आणि नुकसानीसाठी कोणते कागद जपायचे’ हा आहे. या रोगाचा विषाणू मावा पसरवतो आणि काकडी-भोपळावर्गीय पिकांवर, मिरची-टोमॅटोवर टिकतो, एवढं तज्ज्ञाकडून दोन मिनिटांत येतं. त्यासाठी पालचं कृषी विज्ञान केंद्र किंवा जळगावचं केळी संशोधन केंद्र गाठा. कापसाचंही तसंच: ‘भाव पडला’ यापेक्षा खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात होते आणि १२च्या वर माल परत जातो, मग घरी कापूस कसा वाळवायचा, हे सांगितलं तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागतं.

क्रम असा ठेवा: आधी ज्याला भोगावं लागतं तो, मग ज्याला माहीत आहे तो, शेवटी ज्याच्याकडे उत्तराची जबाबदारी आहे तो अधिकारी. अधिकाऱ्याला गावकऱ्याचं मुद्रण आधी ऐकवा आणि त्यावर विचारा. नाही तर तो योजनेची माहिती वाचून दाखवतो.

कुपोषण किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर बोलताना नाव वगळलं म्हणून ओळख लपत नाही. दीडशे घरांच्या पाड्यात आवाजावरून माणूस कळतो, आणि ज्यांच्या मुलीचं लग्न व्हायचं आहे त्यांना त्याची किंमत मोजावी लागते. अशा वेळी मजकूर त्यांच्याकडून घ्या आणि दुसऱ्याच्या आवाजात वाचा. लैंगिक अत्याचारातल्या मुलाची किंवा मुलीची ओळख कुठल्याही मार्गाने देणं कायद्याने गुन्हा आहे, त्यात गावाचं आणि शाळेचं नावही आलं.

सामुदायिक रेडिओवर स्वतःच्या बातम्या आणि राजकीय कार्यक्रम चालत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या मात्र जशाच्या तशा लावता येतात. शेती, आरोग्य, शिक्षण, संस्कृती याला आडकाठी नाही. आरोप-प्रत्यारोपाचा भाग त्यामुळे सुरुवातीलाच गाळा.

अर्ध्या तासाची मांडणी

कार्यक्रम अठ्ठावीस मिनिटांचा करा, दोन मिनिटं केंद्राच्या उद्घोषणांना लागतात. अर्धा मिनिट गावाचा नुसता आवाज, एक मिनिट निवेदन, तीन मिनिटं गाणं, सहा मिनिटं गाणाऱ्यांशी बोलणं, अडीच मिनिटं दुसरं गाणं, नऊ मिनिटं गावाचा प्रश्न (त्यात अधिकाऱ्याची दोनच), तीन मिनिटं तिसरं गाणं, दोन मिनिटं श्रोत्यांचे निरोप आणि सूचना, शेवटचं एक मिनिट सर्वांची नावं. यासाठी कच्चं मुद्रण निदान तीन तासांचं हवं. निवेदन सगळं मिळून पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. मिनिटाला एकशेदहा ते एकशेवीस शब्द धरले तर सहाशे शब्दांत बसवावं लागेल.

संपादनाला ऑडेसिटी पुरे, ते मोफत आहे. डीपीची घरघर असेल तर ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर नॉच (तेवढाच सूर कापणारं फिल्टर) लावा. आवाज स्वच्छ करणारं फिल्टर मात्र जपून वापरा, जास्त ओढलं की माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. गाणं कडव्याच्या मध्ये तोडू नका, लांब असेल तर कडवं संपल्यावर आवाज हळू खाली घ्या.

हक्क आणि परतफेड

ज्या पारंपरिक गाण्याचा कर्ता माहीत नाही त्यावर कवीचा हक्क नसतो, पण गाणाऱ्याचा हक्क पन्नास वर्षं असतो. म्हणून मुद्रणाच्या शेवटी प्रत्येकाने आपलं नाव, गाव, तारीख आणि ‘हे रेडिओवर लावायला माझी हरकत नाही’ असं स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं घ्या, आणि जमेल तिथे सहीही. कुठे-कुठे वाजणार तेही सांगा. रेडिओसाठी होकार घेऊन यूट्यूबवर टाकणं ही फसवणूक आहे. बहिणाबाई चौधरींचं निधन १९५१चं, त्यांच्या कवितांवरची मुदत आता संपली आहे. कोणीही त्या नव्याने गाऊन लावू शकतं, पण बाजारातली गायलेली ध्वनिमुद्रिका वेगळी, तिच्यावर कंपनीचा हक्क असतो. लग्नात वाजणारी अहिराणी डीजे गाणीही अशीच कोणाच्या तरी मालकीची असतात, परवान्याशिवाय ती लावू नका.

प्रसारित झालेला कार्यक्रम सामुदायिक केंद्राला तीन महिने जपून ठेवावा लागतो. कच्चं मुद्रण मात्र कायमचं, दोन वेगळ्या ठिकाणच्या हार्ड डिस्कवर ठेवा. फाइलच्या नावात तारीख, गाव, गाण्याचा प्रकार आणि क्रमांक हवा.

१०० वॅटच्या ट्रान्समीटरचा आवाज सपाट मुलखात दहा-पंधरा किलोमीटर जातो, सातपुड्यात मध्ये एक डोंगर आला की पलीकडच्या पाड्याला काही ऐकू येत नाही. तेव्हा ज्या गावाचं गाणं, त्या गावाला प्रत द्यायचीच. व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून पाठवण्यापेक्षा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पेन ड्राइव्हवर १९२ केबीपीएसची एमपी३ द्या, कारण ट्रॅक्टरचे टेप आणि बाजारातले स्वस्त स्पीकर बहुतेक वेळा २४ बिटची वेव्ह वाजवत नाहीत. पेन ड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला असावा. गटातल्या सगळ्यांची नावं कागदावर लिहून सोबत द्या आणि त्यांच्याकडून तपासून घ्या. प्रसारणात एखादं नाव चुकलं असेल तर दुरुस्ती पुढच्या भागात सुरुवातीलाच वाचा, पहिल्या गाण्याच्या आधी.